ड्रायरचा तापमान सेन्सर : दुरुस्तीच्या नोंदी (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

१२ जुलै २०२५, शनिवार

घरातले कपडे वाळवण्याचे यंत्र सहा वर्षांचे आहे. खोलीतली हवा आत ओढून ती २००० वॉटच्या हीटरवरून ड्रममध्ये सोडायची आणि दमट झालेली हवा मागच्या नळीने खिडकीबाहेर टाकायची, एवढेच त्याचे काम. मे महिन्यात त्याला कोणी विचारत नाही, कारण नागपूरच्या उन्हात गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. त्याची गरज मृग लागल्यावर भासते आणि दसऱ्यापर्यंत टिकते.

सूनबाईची तक्रार तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो : "बाबा, कपडे गरम तर खूप होऊन राहिले, पण वाळून नाही राहिले. आणि इस्त्री जास्त लागल्यासारखा वास येते." नातवाच्या गणवेशाच्या चड्डीचे इलास्टिक मी हाताने ताणून पाहिले, तर ते लांबले आणि तसेच राहिले. सुती कपड्यांचा जो कार्यक्रम गेल्या वर्षी सव्वा तासात संपत असे, तो आता दोन तास उलटले तरी चालू राहतो. पडद्यावर बिघाडाची कोणतीही खूण उमटत नाही.

फार गरम होणे आणि न वाळणे या दोन तक्रारी एका यंत्रात एकत्र कशा नांदतात, हे आज कळलेले नाही. तेवढा प्रश्न लिहून ठेवून नोंद थांबवतो.

१३ जुलै, रविवार

जाळी काढून धुतली, बाहेरची नळी सोडवून झटकली, पंख्याच्या पात्यांवरची लव ब्रशने काढली. हवा अडली तरी यंत्र तापते आणि कपडे ओले राहतात, म्हणून सुरुवात इथून केली. नळीतून मूठभर लव निघाली, पण ती अडथळा म्हणावी एवढी नव्हती. संध्याकाळी एक फेरी चालवून पाहिली. फरक पडला नाही.

१६ जुलै, बुधवार

ओळखीच्या दुकानातून मिस्त्री आला. त्याने मागचे झाकण उघडले, तापमान सेन्सरच्या तारा कार्डाच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीच्या, टोकाला मोजल्या आणि पाच मिनिटांत निकाल दिला : "काकाजी, कार्ड गेलं हो याचं. सेन्सर तर चेक केला मी, दहा के दाखवून राहिला." दहा के म्हणजे दहा किलोओम, सेन्सरचा विद्युत रोध. कार्डाची किंमत त्याने ७,२०० रुपये सांगितली आणि ते यायला पंधरा दिवस लागतील असेही सांगितले. जाताना त्याने सहज विचारले, "तोवर थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देऊ का? मग हीटर मध्येच बंद नाही पडणार."

मी नको म्हटले. हीटरच्या पेटीवर बसवलेला तो छोटा गोल थर्मोस्टॅट म्हणजे शेवटचा पहारेकरी असतो. कार्ड चुकले, सेन्सर चुकला, नळी तुंबली, तरी पेटी ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की तो हीटरचा पुरवठा तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. त्याच्या शेजारी एकदाच उडणारा थर्मल फ्यूज आहे, पण पहिल्याला वगळून दुसऱ्याच्या भरवशावर यंत्र चालवणे म्हणजे लवेने भरलेल्या पेटीत शेगडी ठेवण्यासारखे आहे.

मिस्त्रीच्या बोलण्यातून एक उपयोगी गोष्ट मात्र कळली. हीटर मध्येच बंद पडतो, असे तो गृहीत धरून बोलत होता. तसे खरोखर होते का, हे आम्ही अजून पाहिलेलेच नव्हते.

१९ जुलै, शनिवार

मी दूरसंचार खात्यात ३१ वर्षे नोकरी केली, त्यामुळे मल्टिमीटर घरात आहे आणि तो वापरण्याची खाजही आहे. प्लग काढला, झाकण उघडले आणि सगळ्यात आधी मोटरच्या कपॅसिटरमधला साठा रोधकातून उतरवला.

सेन्सर एनटीसी जातीचा आहे, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. सुट्या भागांच्या यादीत त्याचे वर्णन २५ अंश सेल्सिअसला १० किलोओम आणि बीटा (तापमानागणिक रोध किती वेगाने बदलतो तो आकडा) ३९५० असे दिले आहे. कार्डावरच्या सॉकेटातून त्याची दोन तारांची जोडी सोडवून त्या टोकांवर मीटर लावला, तर ९.६ किलोओम आले. वहीत लिहिले : "९.६. दहाच्या जवळ. सेन्सर ठीक."

म्हणजे मिस्त्री म्हणतो तेच खरे असावे, असे आज वाटते. तरी ७,२०० रुपये मोजण्याआधी कार्डाची चूक डोळ्यांनी दिसली पाहिजे.

२० जुलै, रविवार

काल रात्री अकरा वाजता, घरातले सगळे झोपल्यावर, पूर्ण एक फेरी चालवली. फ्रिज, पंखे, पंप, सगळे बंद केले आणि खुर्ची घेऊन वीज मीटरसमोर बसलो. आमच्या मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असे छापलेले आहे आणि त्यावरचा लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट होते. हीटर आणि मोटर मिळून सव्वादोन किलोवॉटच्या आसपास भार असला तर दिवा सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकतो. नुसती मोटर आणि पंखा चालू असला तर दहा सेकंदांत जेमतेम दोनदा. यंत्र न उघडता हीटर चालू आहे की बंद, हे सांगणारा इतका सोपा साक्षीदार दुसरा नाही. बाहेर पाऊस धरून होता, सौभाग्यवतींनी दोनदा येऊन "मीटरकडे काय पाहत बसलात?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्या निघून गेल्या.

बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी स्वयंपाकघरातला सळईचा डिजिटल थर्मामीटर बसवला होता. दहाव्या मिनिटाला ४८ अंश, विसाव्याला ६३, अठ्ठाविसाव्याला ७४. सुती कपड्यांना ६० अंशांच्या आसपास हीटरचा पुरवठा तुटायला हवा होता, पण दिवा दुडक्या चालीने लुकलुकतच राहिला. ७७ अंशांवर तो एकदम मंद झाला. सहा-सात मिनिटांनी, तापमान ५५ पर्यंत उतरल्यावर, पुन्हा जलद झाला. हेच चक्र चार वेळा झाले.

महत्त्वाची गोष्ट आवाजाची आहे. फेरी सुरू होताना कार्डावरच्या रिलेचा, म्हणजे हीटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज स्पष्ट ऐकू आला होता. ७७ अंशांवर हीटर बंद झाला तेव्हा तो आवाज आला नाही. याचा अर्थ हीटर कार्डाने तोडला नाही, पहारेकरी थर्मोस्टॅटने तोडला. कार्डाच्या समजुतीप्रमाणे अजून पुरेसे तापलेले नव्हते आणि ते हीटर चालूच ठेवून बसले होते.

१२ तारखेचा प्रश्न इथे सुटला. कपडे आधी प्रमाणाबाहेर तापतात, मग थर्मोस्टॅटने हीटर तोडल्यावर सहा-सात मिनिटे गार हवेत फिरतात. वासही येतो आणि ओलही राहते. आता प्रश्न एवढाच उरला की कार्ड खरी बातमी चुकीची वाचते की त्याला बातमीच खोटी मिळते.

पावसाळी दिवस पाहून सेन्सरच्या तारांमध्ये दमटपणामुळे गळती होत असेल असा एक विचार आला होता, तो इथेच बाद करतो. गळती म्हणजे सेन्सरला समांतर जोडला गेलेला आणखी एक रोध. त्याने एकूण रोध घटेल, कार्डाला यंत्र आहे त्यापेक्षा गरम वाटेल आणि ते हीटर लवकर बंद करेल. इथे नेमके उलटे घडते आहे.

२२ जुलै, मंगळवार

सेन्सर त्याच्या जागेवरून काढला. त्याला वीतभर स्वतःची शेपटी आहे आणि ती एका पांढऱ्या दोन पिनांच्या कनेक्टरने पुढच्या तारांना जोडली जाते. कनेक्टर सोडवून शेपटीच्या टोकांवर मोजमाप घेतले. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी बर्फाच्या चुऱ्यात आणि मग पाण्यात धरला.

वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, ३३.१ किलोओम. खोलीत २९ अंशांना ८.४. गरम करून ६० अंशांवर आणलेल्या पाण्यात २.५. उकळत्या पाण्यात ०.७१. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी शंभराला नव्हे तर ९९ अंशांना उकळते. हिशेब त्याप्रमाणेच केला. चारही आकडे ३९५० बीटाच्या सूत्राशी जुळतात.

सेन्सर निर्दोष आहे. शनिवारी ९.६ आणि आज ८.४ आले, याचा विचार मनात येऊन गेला. शनिवारी रात्री पाऊस होता, गारवा असेल, असे म्हणून पुढे गेलो. त्या दिवशी खोलीचे तापमान लिहिलेले नाही.

२४ जुलै, गुरुवार

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये सुटे भाग मिळतात. घरात एक जादा सेन्सर असावा म्हणून विचारले, तर दुकानदाराने पुडीतून एक काढून दिला : "घ्या भाऊ, टेन के. सगळ्यात चालते." बीटा किती, असे विचारल्यावर तो हसला. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ३४३५ बीटाचा सेन्सरही २५ अंशांना बरोबर १० किलोओमच दाखवतो, पण ६० अंशांना तो २.५ ऐवजी ३ किलोओमच्या जवळ असतो. तो इथे बसवला तर हीटर सहा-सात अंश उशिरा तुटेल आणि आपण दुरुस्ती केली या समाधानात बिघाड वाढवून बसू. सेन्सर घेतला नाही. १०, ४.७, ३.३, २.७ आणि २.२ किलोओमचे साधे रोधक मात्र घेतले. सगळे मिळून दहा रुपयेही झाले नाहीत.

२६ जुलै, शनिवार

आज कार्डाची परीक्षा घेतली. पद्धत अशी की सेन्सरच्या जागी ठरावीक रोधक लावायचा आणि कार्डाला अमुक तापमान आहे असे भासवायचे. यात दोन धोके आहेत. एक, अशा यंत्रांच्या पुष्कळ कार्डांवर ५ व्होल्टचा भाग मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेला नसतो, म्हणजे सेन्सरच्या तारांवर ५ व्होल्टच आहेत असे समजून बोट लावणाऱ्याला २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी प्लग काढून रोधक बदलला, त्यावर स्लीव्ह चढवली, झाकण लावले आणि मगच प्लग घातला. दुसरा, ठरावीक रोधक तापला तरी तेच तापमान सांगत राहतो, त्यामुळे हीटर कधीच तुटत नाही. म्हणून प्रत्येक परीक्षा एका मिनिटात संपवली आणि हात बटणावरून काढला नाही. चिरंजीव मीटरसमोर उभे राहून लुकलुक मोजत होते.

१० किलोओमला हीटर चालू. ४.७ ला चालू. ३.३ ला चालू. २.७ ला, म्हणजे जवळपास ५८ अंशांच्या सोंगाला, चालू. २.२ ला, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट अंशांच्या सोंगाला, दहा सेकंदांनी रिलेचा 'टक्' आणि मीटरवरचा दिवा मंद.

कार्ड ५८ आणि ६४ च्या दरम्यान, जिथे तोडायला हवे तिथेच तोडते. ते निर्दोष आहे. सॉकेट पूर्ण मोकळे ठेवून पाहिले तर काही सेकंदांतच पडद्यावर बिघाडाची खूण आली. दोन्ही टोके एकमेकांना जोडली तरी आली. म्हणजे तार तुटली किंवा चिकटली तरच कार्डाला संशय येतो. मधला कोणताही आकडा ते प्रामाणिक समजते.

सेन्सर चांगला, कार्डही चांगले, आणि यंत्र तरीही १७ अंशांनी चुकते. रात्री वही उघडून बसलो तेव्हा १९ तारखेच्या ९.६ या आकड्यावर पुन्हा नजर गेली.

२७ जुलै, रविवार

सकाळी थर्मामीटर सेन्सरला टेकवून ठेवला आणि अर्धा तास थांबलो. तापमान २९.० अंश. सेन्सरच्या शेपटीवर ८.४ किलोओम. मग कनेक्टर पुन्हा जोडून कार्डाच्या टोकावर मोजले : ९.६. तापमान तेच, सेन्सर तोच, आणि १.२ किलोओम जास्त.

माझी चूक आता लिहिणे भाग आहे. 'दहा किलोओम' हा आकडा २५ अंशांचा आहे आणि नागपुरातल्या घरात २५ अंश हे तापमान वर्षातून थोडेच दिवस, तेही थंडीत, भेटते. जुलैत या सेन्सरने ८.४ च्या आसपास दाखवायला हवे. मे महिन्यात ४५ अंशांना मोजले तर ४.३५ यायला हवेत. ९.६ हा आकडा दहाच्या जवळ आहे म्हणून मी समाधान मानले आणि मिस्त्रीनेही तेच केले. खरे तर तो दहाच्या जवळ असणे हाच बिघाड होता. तापमान न लिहिता एनटीसीचा रोध लिहिणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे, आणि हे मी, ज्याने नव्या पोरांना वही ठेवायला शिकवले, त्याने केले.

कनेक्टर हाताने हलवला तर आकडा ९.३ ते १० च्या दरम्यान नाचू लागला. दोष तिथेच होता. दोन्ही अर्धे वेगळे करून भिंगाखाली धरले. पांढऱ्या कवचात दोन पितळी पिना आहेत, त्यांना कथिलाची कल्हई असते. एक पिन अजून चकचकीत होती. दुसरीची कल्हई घासून गेली होती आणि उघड्या पितळेवर पोपटी-पांढुरका थर धरला होता. त्यावर करड्या लवेचा ओलसर लेप बसला होता. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते आणि भांड्याच्या काठाला जो हिरवट रंग येतो, अगदी तोच हा रंग. आई असे भांडे पाहिले की कल्हईवाल्याची वाट पाहू लागे. इथे तीच गोष्ट तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेवर झालेली होती.

आता हिशेब जुळतो. हा जास्तीचा १.२ किलोओमचा रोध सेन्सरशी एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडला गेला आहे. खोलीत सेन्सर ८.४ वर असताना त्याची भर कळत नाही. कार्डाला २९ ऐवजी २६ अंश वाटतात, तीन अंशांची चूक. पण यंत्र जसे तापते तसा सेन्सरचा रोध घटत जातो आणि भर तेवढीच राहते. ६० अंशांना सेन्सर २.५ वर येतो, त्यात १.२ मिळवले की ३.७ होतात आणि कार्डाला ४९ अंश वाटतात. ७७ अंशांना सेन्सर १.४ वर असतो. भर घालून २.६, म्हणजे कार्डाच्या मते अजून ५९ सुद्धा झालेले नाहीत. हीटर चालू ठेवणे हे कार्डाचे कर्तव्यच ठरते. हा दोष थंड असताना लपतो आणि तापल्यावर वाढतो, म्हणून प्लग काढून गार यंत्रावर घेतलेली कोणतीही परीक्षा त्याला पकडू शकत नाही, जोवर मोजणाऱ्याच्या हातात थर्मामीटर नाही.

हीटरच्या तारांना असेच कनेक्टर आहेत आणि तेही त्याच ओलीत आहेत. ते का बिघडले नाहीत? त्यांच्यातून जवळपास ९ अँपिअर जातात; तिथे असा थर धरला तर तो एकतर फुटतो किंवा जागा तापून काळी पडते आणि दोष डोळ्याला दिसतो. सेन्सरच्या वाटेवर ५ व्होल्ट आणि कार्डावरचा '१०३' छापाचा, म्हणजे १० किलोओमचा, रोधक आहे, त्यामुळे प्रवाह एक मिलीअँपिअरचा चौथा हिस्सा. एवढ्याशा प्रवाहाला तो पापुद्रा फोडता येत नाही. आमच्या खात्यात हे प्रत्येक लाईनमनला पाठ होते. पावसाळ्यात जोडातली तार गंजली की फोनवर खरखर येई, ग्राहक तक्रार करी, आणि आम्ही तपासायला घंटी पाठवली की घंटीच्या ७५ व्होल्टने पापुद्रा फुटून खरखर गायब होई. तक्रार खोटी म्हणून बंद होई आणि चार दिवसांनी पुन्हा येई. अशा जोडांमागे निम्मी नोकरी गेली आणि घरातला जोड ओळखायला पंधरा दिवस लागले.

२ ऑगस्ट, शनिवार

ब्रशला कॉन्टॅक्ट क्लिनर लावून पिन आधी साफ करून पाहिली. भर १.२ वरून शून्यावर आली. म्हणजे निदान बरोबर आहे, पण दुरुस्ती झालेली नाही, कारण कल्हई गेलेले पितळ पुढच्या पावसात पुन्हा कळकणारच.

तारा एकमेकींना झाळून टाकाव्यात असा एक पर्याय होता. कथिल-शिशाचा डाग १८३ अंशांना वितळतो आणि तिथे एवढी उष्णता नाही, त्यामुळे वितळण्याची भीती नव्हती. पण डाग जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि ड्रमच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. शिवाय पुढे कधी सेन्सर काढायचा झाला तर कापाकापी आली. म्हणून दोन्ही बाजूंचे जुने कनेक्टर कापून नव्या, कथिलाचा मुलामा असलेल्या पिना दाबपक्कडीने बसवल्या. एक पिन पहिल्यांदा नीट दाबली गेली नाही, ओढल्यावर निसटली. ती टाकून दुसरी घेतली.

जागाही बदलली. जुना कनेक्टर हवा बाहेर नेणाऱ्या पेटीच्या सांध्याला अगदी चिकटून होता. त्या सांध्याचा रबरी गॅस्केट बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला. ओली हवा तिथून झिरपत होती आणि तिच्याबरोबर लव येत होती. सूनबाईने एका फेरीच्या आधी आणि नंतर कपडे वजन करून दिले : ६.३ किलो आणि ४.१ किलो. म्हणजे एका फेरीत २.२ लिटर पाणी वाफ होऊन त्या पेटीतून जाते, आणि त्यातला कणभर हिस्साही सहा पावसाळे कनेक्टरवर पडत राहिला तर पिनेचे काय होणार, हे दिसलेच आहे. गॅस्केटच्या जागी उष्णता सोसणारे सिलिकॉन भरले आणि वरून अॅल्युमिनियमची टेप लावली. नवा कनेक्टर वीतभर वर नेला आणि तारेला कनेक्टरच्या खाली एक झोल दिला, म्हणजे थेंब आलाच तर तो झोलाच्या तळातून गळून जाईल आणि पिनेपर्यंत चढणार नाही. खांबावरून घरात तार घेताना आम्ही हेच करायचो.

सिलिकॉन वाळायला एक दिवस यंत्र बंद ठेवले. घरात चार दोऱ्या बांधल्या गेल्या आणि बैठकीतून वाकून चालावे लागले.

४ ऑगस्ट, सोमवार

रात्री पुन्हा मीटरसमोर बसलो. एकविसाव्या मिनिटाला, थर्मामीटरवर ६१ अंश असताना, 'टक्' झाले आणि दिवा मंद झाला. ५४ वर पुन्हा 'टक्'. त्यानंतर पूर्ण फेरीत तापमान ५४ आणि ६२ च्या बाहेर गेले नाही आणि पहारेकरी थर्मोस्टॅटला एकदाही उठावे लागले नाही. फेरी एक तास वीस मिनिटांत संपली.

युनिटांचा हिशेबही लिहून ठेवतो. दुरुस्तीपूर्वी एका फेरीला ३.९ युनिट लागली होती, आज २.६ लागली. २.२ लिटर पाण्याची वाफ करायलाच जवळपास १.४ युनिट लागतात, ते कोणालाही टळत नाहीत. बाकीची ऊर्जा हवा, पत्रा आणि मोटर यांत जाते. आधी दोन तास गार-गरम होण्यात जे जात होते, ते थांबले.

मिस्त्रीला फोन करून कार्ड मागवू नका असे सांगितले. त्याने कारण विचारले, तेव्हा ८.४ आणि ९.६ ची गोष्ट सांगितली. थोडा वेळ शांत राहून तो म्हणाला, "काकाजी, मग मी मागच्या महिन्यात दोन कार्डं बदलली, त्याचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कोणत्या तापमानाला किती रोध यायला हवा त्याचे टेबल व्हॉट्सअॅपवर पाठवतो, एवढे म्हणालो.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज तान्हा पोळा. महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, नातू लाकडी बैल घेऊन कॉलनीत फिरतो आहे, त्यामुळे घरात शांतता आहे आणि तिसऱ्या आठवड्याची तपासणी करायला वेळ मिळाला.

तापमान २८ अंश. सेन्सरच्या शेपटीवर ८.७७ किलोओम, कार्डाच्या टोकावर ८.७७. कनेक्टर हलवला तरी शेवटचा आकडासुद्धा बदलत नाही. सांध्याच्या टेपवर लव नाही. नव्या पिना भिंगाखाली पाहिल्या. दोन्ही सारख्या चकचकीत आहेत.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्यावर पाच ओळी आहेत : २५ अंश – १०.०, ३० – ८.०, ४० – ५.३, ५० – ३.६, ६० – २.५ किलोओम, आणि खाली 'मोजमाप कार्डाच्या टोकाला, कनेक्टर जोडलेला ठेवून'. झाकणाचे आठ स्क्रू लावले. सूनबाईने नव्या इलास्टिकची चड्डी पहिल्यांदाच ड्रायरमध्ये टाकली आणि ती बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.